कुर्ला, रांजणगाव आणि माझे दोन लाख

गाडी घ्यायची ठरली तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. खात्यात दोन लाख रुपये आणि डोक्यात एक खूळ. दोन लाखांत सेकंडहँड हॅचबॅक मिळते, त्यात नवल काही नाही. खूळ असं की ती चालवायला मजा आली पाहिजे. रोज आठ-नऊ तास दुसऱ्याने लिहिलेला कोड दुरुस्त केल्यावर माणसाला स्वतःच्या हातात काहीतरी नीट वळणारं हवं असतं. (हे कारण मॅनेजरला सांगू नये.)

नांदगावला अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मजा येऊ दे रे. पण बंद पडली तर इथे दुरुस्त कोण करणार, ते आधी सांग." प्रश्न रास्त होता. गाडी महिन्यातले निम्मे दिवस नांदगावलाच राहणार होती आणि अण्णाच चालवणार होते. पुण्यात काय, कुठलीही गाडी घ्या, कोणीतरी स्पेशालिस्ट सापडतोच. नांदगावला गाडीचं दुखणं स्टेशनजवळच्या दोन-चार गॅरेजमध्येच बरं व्हायला हवं, नाहीतर मग मनमाड, मालेगाव, नाशिक अशी वरात काढावी लागते.

सवयीप्रमाणे मी एक एक्सेल शीट केली. जाहिराती भरत गेलो आणि दोनेक आठवड्यांत एक गंमत लक्षात आली. २०१२ ची स्विफ्ट डिझेल माझ्या बजेटच्या बाहेर होती. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली फियाट पुंटो मात्र बजेटमध्ये बसून वर सर्व्हिसिंगला पैसे उरत होते. फोर्ड फिगोचंही तेच. आता पुंटो ही स्विफ्टपेक्षा जड, दणकट, दार लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज करणारी, वेगात रस्ता घट्ट धरून ठेवणारी गाडी. आणि दोन्ही गाड्यांच्या बॉनेटखाली एकाच जातीचं इंजिन! मग एक महाग आणि दुसरी स्वस्त का?

"फियाटला रीसेल नाही" हे उत्तर सगळेच देतात. पण का नाही, ते विचारलं की लोक हवेत हात हलवतात. म्हणून कारण शोधत मागे मागे गेलो, तो थेट १९४४ ला जाऊन पोचलो :)

त्या वर्षी वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. वालचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, जिथे इंग्रज सरकार "तुम्हाला जमणार नाही" म्हणे तिथे हा माणूस हमखास हात घाली. आमच्याकडच्या लोकांना ते वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात, किंवा असायला हवेत. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखाना त्यांनीच १९३३ साली काढला. लहानपणी खाल्लेल्या रावळगावच्या गोळ्या आणि मुंबईची फियाट टॅक्सी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या, हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी अमेरिकन धुडं जोडली गेली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ ला गेले. फियाट ११०० ऊर्फ मिलेचेन्तो आली ती त्यानंतर, १९५४ ला. पुढे १९६४ च्या सुमारास डिलाइट आणि १९७४ पासून त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोड्यांची ताकद आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. इटलीत ती गाडी केव्हाच इतिहासजमा झाली होती, आपल्याकडे मात्र लायसन्स राजच्या कृपेने बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. अण्णांच्या लग्नात नवरदेवाची गाडी फियाटच होती, अर्थात भाड्याची.

त्या काळात 'फियाट' या शब्दाचा अर्थ 'कुठेही दुरुस्त होणारी गाडी' असा होता. म्हणजे आज आपण मारुतीबद्दल जे बोलतो तेच. चाळीस वर्षं तीच गाडी बनत राहिल्यावर दुसरं काय होणार? खेड्यातला मिस्तरीसुद्धा डोळे मिटून कार्बोरेटर उघडत असे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

मग घोडं अडलं कुठे? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली हे एक कारण. पण मला विचाराल तर खरा घाव १९९६ चा. त्या वर्षी प्रीमियरने फियाट उनो आणली. छोटी, चौकोनी, आतून ऐसपैस. लोक वेडे झाले. अडीच लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून बुकिंग केलं. आणि नेमका कुर्ल्याच्या कारखान्यात संप झाला. गाड्या रखडल्या, लोकांनी पैसे परत मागायला सुरुवात केली. कल्पना करा, तेव्हाचा मध्यमवर्गीय माणूस, आयुष्यातली पहिली गाडी, पैसे भरलेले, पेढे वाटून झालेले आणि गाडीच नाही. असा माणूस स्वतः तर परत त्या दारात जात नाहीच, पण शेजाऱ्यालाही जाऊ देत नाही. १९९७ ला फियाटने कारभार स्वतःच्या हातात घेतला, पण तोवर उशीर झाला होता. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीहून टाटांची इंडिका आली आणि एका आठवड्यात एक लाख पंधरा हजार बुकिंग घेऊन गेली. वाट बघून कंटाळलेल्या त्या रांगेतलेच किती जण इकडे आले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

यानंतर आलेली गाडी मात्र खास आहे. २००१ ची पालिओ, तीही कुर्ल्याचीच. जाहिरातीत सचिन. त्यातली १.६ जीटीएक्स म्हणजे साधारण शंभर घोडे, एवढ्याशा हॅचबॅकमध्ये, २००१ साली! ज्या देशात गाडीबद्दल पहिला प्रश्न "देती कितना है" हा, तिथे हिचं उत्तर फारच लाजिरवाणं होतं. लिटरमागे किती जाते हे मालक हळू आवाजात सांगत. गाडीच्या प्रेमात पडणारे थोडे, शोरूमला पाठ फिरवणारे जास्त. सेकंडहँड बाजारात ती कवडीमोल झाली आणि कॉलेजच्या पोरांच्या हाती लागली. आपल्याकडे 'स्वस्तातली मजेची गाडी' नावाचा प्रकार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला असं माझं मत आहे. कंपनीचं नुकसान, पोरांची चैन.

२००६ ला फियाट आणि टाटा एकत्र आले. फियाटच्या गाड्या टाटांच्या शोरूममध्ये विकायच्या आणि रांजणगावला दोघांनी मिळून कारखाना चालवायचा असं ठरलं. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर महागणपतीचं रांजणगाव लागतं ना, तिथलीच एमआयडीसी. पुंटो तिथूनच जून २००९ मध्ये बाहेर पडली. त्याच कारखान्यात १.३ लिटरचं, म्हणजे १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायला लागलं, आणि माझ्या एक्सेल शीटच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. हे इंजिन इंडिका व्हिस्टात गेलं, मांझात गेलं. मारुतीने फियाटकडून परवाना घेऊन ते हरयाणात मानेसरला बनवलं आणि २००७ पासून स्विफ्टमध्ये, पुढे डिझायर, रिट्झमध्ये घातलं. पुढे मारुतीला तेही पुरेना, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं रांजणगावहूनच घ्यायचा करार केला. म्हणजे लोक 'मारुतीचं इंजिन' म्हणून ज्याची तारीफ करत होते ते मुळात फियाटचं होतं. आणि तेच लोक फियाटचं नाव काढलं की नाक मुरडत होते.

पुरेना का, त्याचंही कारण गंमतशीर आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले. २०१२ पर्यंत दोन्हींत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडला. जो तो डिझेल घ्यायला धावला. आमच्या तालुक्यात, मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, मुंबईहून पाइपलाइनने इंधन येतं आणि टँकरच्या रांगा लागतात. डेपो घराजवळ असला तरी आम्हाला काही सूट नसते, पण भावावरची चर्चा मात्र नांदगावात जरा जास्तच तज्ज्ञपणे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं, फरक आटला आणि त्या लाटेत घेतलेल्या हजारो डिझेल हॅचबॅक हळूहळू सेकंडहँड बाजारात उतरल्या. आज दोन लाखांत २०११ ते २०१४ च्या एवढ्या डिझेल गाड्या दिसतात, त्यामागे हे आहे.

फियाटचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २०१२ ला टाटांच्या शोरूमशी काडीमोड, स्वतःचे मोजके डीलर. २०१५ ला १४५ घोड्यांची अबार्थ पुंटो आली, तीही रांजणगावचीच (ही माझ्या शीटमध्ये वेगळ्या टॅबवर आहे, टॅबचं नाव 'स्वप्न'). आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांपुढे ते १.३ इंजिनही थांबलं, फियाटही थांबली. फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं २०२१ ला जाहीर केलं. चाकणला बनणारी पोलो २०२२ ला संपली, पण तिचे चाहते इतके कडवे की किंमत उतरायचं नाव नाही. माझ्या बजेटात येत होती ती तीन सिलिंडरची साधी १.२ पेट्रोल पोलो. दिसायला देखणी, घाटात मात्र दमते. जीटी टीएसआय कुठे स्वस्तात दिसली तर आधी डीएसजी गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा आकडा विचारावा, मग झोप लागते का बघावी.

तर पुंटो. तीन पाहिल्या. एक दिल्लीहून आलेली होती. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायचा आदेश २०१५ ला एनजीटीने दिल्यापासून त्या स्वस्तात इकडे येतात. मात्र महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरलाय का, एनओसी आहे का हे पाहिल्यावर स्वस्ताई उडून जाते. दुसरीचा मीटर बावन्न हजार दाखवत होता आणि ब्रेकचं पेडल मात्र पार गुळगुळीत झालेलं. बावन्न हजारांत एवढं झिजत नाही हो. तिसरी २०१२ ची, पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची, सगळी बिलं फाइलला लावलेली. पावणेदोन म्हणत होते, एक पासष्टला तुटलं. पण टोकन द्यायच्या आधी मी एक अट घातली, गाडी एकदा नांदगावच्या मिस्तरींना दाखवायची. गृहस्थ म्हणाले, "चला, मीही येतो. मनमाडचा गुरुद्वारा बघायचा राहिलाय."

अहिल्यानगर, कोपरगाव, येवला. येवल्याच्या पुढे अंकाई-टंकाईचे किल्ले डावी-उजवीकडे सरकायला लागले तेव्हा गाडी माझ्या हातात होती. दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं. त्याच्या वर गेलं की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं होतं. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक. हाताला रस्ता कळतो, खड्डाही कळतो. एवढंच मला हवं होतं. मी तोंड मिटून होतो, कारण भाव पुन्हा वाढला असता.

मिस्तरींनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "दादा, ही तर स्विफ्टच आहे की." मग गार इंजिन सुरू करून टायमिंग चेनचा आवाज ऐकला, कारण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर या इंजिनाची चेन ढिली पडते. ऑइलचं झाकण काढून धूर येतो का पाहिलं. पुढची चाकं हलवून बुश बघितले. "इंजिनाचं माझ्याकडे सोडा. फिल्टर, इंजेक्टर, टर्बो सगळं स्विफ्टवाल्यांमुळे मालेगावला मिळतं. पण आरसा, दिवा, बंपर फुटला तर तो पुण्याहून तुम्हीच आणायचा." अण्णा बाजूला हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी फक्त एक विचारलं, "आणि कागद?" कागद म्हणजे पंधरा वर्षं. रजिस्ट्रेशन २०२७ ला संपतं. मग फिटनेस, एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालेली नूतनीकरणाची फी, वर पर्यावरण कर. मी ते सगळं शीटमध्ये धरलं होतं. बुश, टायर, बॅटरीला तीस हजार आधीच बाजूला काढले होते. दोन लाखांत पाच हजार उरत होते. शीट मोबाइलवर दाखवली. अण्णांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली, बेरीज तपासली (बरोबर होती) आणि मिस्तरींना चहा सांगितला.

गाडी आता एमएच ४१ च्या पत्त्यावर आहे. पूजा राहिली होती, ती परवा नांदगावला जाताना रांजणगावला महागणपतीच्या पार्किंगमध्येच उरकली. नारळ अण्णांनी फोडला. मी त्यांना सांगितलं की ही गाडी इथूनच चार-पाच किलोमीटरवर जन्मली. ते म्हणाले, "मग माहेरी आलीये, जरा थांबू दे तिला." आणि भेळ घ्यायला गेले.