थेंबाचा हिशेब ठेवणारी शहरे

जैसलमेरच्या किल्ल्यात, एका जुन्या घराच्या ओसरीवर मी चहा घेत बसलो होतो. घराचे मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला आतल्या खोलीची एक भिंत दाखवली. पिवळ्या दगडाची ती देखणी भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत ओलसर, काळपट झाली होती. आपल्याकडे कोकणात अशी ओल कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. पण हे घर थरच्या वाळवंटातले. ‘‘माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात ओली भिंत पाहिली नव्हती,’’ ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा नवलच अधिक होते. पाण्याच्या थेंबाथेंबाला जपत साडेआठशे वर्षे तगून राहिलेला किल्ला आता पाण्यानेच पोखरला जात होता.

राजस्थानची शहरे म्हटली की आपल्याला महाल, हवेल्या, उंट आणि रंगीबेरंगी फेटे आठवतात. त्या ओल्या भिंतीने मला मात्र या शहरांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले. ही शहरे पाण्यावाचून उभी तरी कशी राहिली? आणि पाणी आल्यावर त्यांचे काय झाले? आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

सुरुवात जैसलमेरपासूनच करू. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हे नगर वसवले. जागा निवडली ती पाणी पाहून नव्हे, वाट पाहून. सिंधमार्गे पश्चिमेकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. त्यांची जकात हे राज्याचे उत्पन्न आणि त्यांचा मुक्काम हा गावाचा व्यापार. पटव्यांच्या हवेल्यांवरचे नाजूक कोरीवकाम आपण पाहतो, ते याच व्यापाराच्या पैशातून झालेले. पुढे आपल्या मुंबई बंदराची भरभराट झाली, माल जहाजांनी आणि रेल्वेने जाऊ लागला आणि उंटांची ही वाट ओस पडली. १९४७ च्या फाळणीने तर ती कायमचीच बंद झाली.

पण वाट चालू होती तेव्हाही पाण्याचे काय? जैसलमेरला वर्षाला जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आपण विसरलेलो नाही. त्या एका दिवसाएवढा पाऊस व्हायला जैसलमेरला जवळपास पाच वर्षे लागतात! अशा ठिकाणी चौदाव्या शतकात रावळ घडसी यांनी गडीसर तलाव सिद्ध केला. भोवतालच्या उघड्या माळावर पडलेला पाऊस उताराने तलावात आणायचा आणि वर्षभर पुरवायचा, अशी ही साधी योजना. विसाव्या शतकात नळ येईपर्यंत शहराची तहान याच तलावाने भागवली. डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन बायका तिथून किल्ला चढत. असे पाणी कुणी सांडेल का? आंघोळीचे पाणी गोळा करून पुन्हा वापरायची रीत या भागात घरोघर होती.

शहराला धान्य पुरवणाऱ्या आसपासच्या गावांचीही हीच तऱ्हा. पालीवाल ब्राह्मणांनी तिथे ‘खडीन’ नावाची शेती रूढ केली. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचे. ते जिरले की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. वाळवंटात गहू! जैसलमेरजवळचे त्यांचे कुलधरा हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून सारे एका रात्रीत निघून गेले, अशी दंतकथा सांगतात. घरे पडली, पण खडिनांची शेती त्या भागात आजही होते.

जैसलमेरहून आग्नेयेला जोधपूर. राव जोधाने १४५९ मध्ये मंडोर सोडून इथल्या उंच कातळावर मेहरानगड बांधायला घेतला. त्या डोंगरावर चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. त्यांना उठवल्यामुळे त्यांनी शाप दिला, की तुझ्या राज्यात पाण्याचा दुष्काळ पडेल. जोधाने किल्ल्यातच त्यांचे स्थान बांधून त्यांची समजूत घातली, असे सांगतात. कथेतला शाप खरा असो वा नसो, त्याचा अर्थ जोधपूरने नीट ओळखला. गडाच्या पायथ्याशी राणीसर आणि पद्मसर असे दोन तलाव झाले. डोंगरावरचे पाणी पाटांनी राणीसरमध्ये यायचे आणि ते भरले की खालच्या पद्मसरमध्ये उतरायचे. गावात विहिरी आणि पायऱ्यांच्या बारवा झाल्या. इथे बारवेला ‘झालरा’ किंवा ‘बावडी’ म्हणतात. अठराव्या शतकात एका राणीने बांधवलेला तूरजींचा झालरा गाळाने आणि कचऱ्याने भरून गेला होता. अलीकडे तो उपसून स्वच्छ केला, तेव्हा आतले कोरीव हत्ती आणि सिंह पुन्हा दिसू लागले.

जोधपूरच्या ईशान्येला नागोर आहे. मराठी माणसाने या गावी थोडे थांबायला हवे. मारवाडच्या गादीच्या तंट्यात शिंद्यांची फौज १७५४ मध्ये इथे आली. विजयसिंह राठोड नागोरच्या भुईकोटात शिरला आणि जयाप्पा शिंद्यांनी वेढा घातला. महिनोन्महिने गेले, पण कोट हाती येईना. अखेर जुलै १७५५ मध्ये तळावरच दगाफटका होऊन जयाप्पा मारले गेले. नागोरजवळ ताऊसर इथे त्यांची छत्री आहे. पुढच्या वर्षी तह होऊन अजमेर मराठ्यांकडे आले, पण एवढा मोलाचा सरदार गेला तो गेलाच.

विजयसिंहाच्या वडिलांच्या, बखतसिंहांच्या काळात सजलेल्या या कोटात आज गेलात, तर हौद, पाट, कारंजी आणि स्नानगृहे पाहून चकित व्हाल. त्या कोरड्या मुलखात कोटाच्या आत पाणी साठवण्याची, खेळवण्याची आणि त्याच्या गारव्याने महाल थंड ठेवण्याची ती व्यवस्था होती. वेढे धान्याच्या कोठारावर लढवतात, तसेच पाण्याच्या हौदावरही. या जुन्या रचनेची दुरुस्ती इतकी जाणतेपणाने झाली, की २००२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

नागोरच्याही पुढे ईशान्येला शेखावाटी लागते. फतेहपूर, मंडावा, रामगड, नवलगड ही तिथली गावे. इथली व्यापारी घराणी कोलकात्यापासून मुंबईपर्यंत पसरली. वर्ध्याचे जमनालाल बजाज मूळचे सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले. ते दत्तक म्हणून वर्ध्याला आले आणि महाराष्ट्राचेच झाले. बाहेर गेलेल्यांनी गावाकडे पैसा पाठवला, त्यातून चित्रांनी नटलेल्या हवेल्या झाल्या आणि विहिरीही झाल्या. इथल्या विहिरीला चार कोपऱ्यांवर चार मनोरे असतात. वाळूतून येणाऱ्या वाटसरूला दुरूनच कळावे, की इथे पाणी आहे. आपल्याकडे देवळाचा कळस दुरून दिसतो, तशी तिथे विहीर दिसते.

या साऱ्यांत मला सर्वांत अद्भुत वाटली ती ‘कुई’. दिवंगत अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ च्या पुस्तकामुळे ती अनेकांना ठाऊक झाली. वाळवंटातले भूजल बहुतेक ठिकाणी खोल आणि खारे. पण काही भागांत वाळूच्या खाली खडूसारख्या जिप्समचा एक थर पसरलेला असतो. पावसाचे गोडे पाणी त्या थरापर्यंत उतरून थांबते आणि ओलीच्या रूपाने वाळूत राहते. तिथे जेमतेम एक माणूस मावेल एवढ्या रुंदीची कुई खणतात. वाळूतली ओल पाझरून रात्रभरात काही घागरी पाणी जमते. रोज तेवढेच काढायचे. चुरू, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या भागांत अशी पाण्याची पुंजी पिढ्यान्‌पिढ्या पुरली.

पुरली, पण प्रत्येक वर्षी नाही. या शहरांचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे. १८९९ मध्ये पाऊस पडलाच नाही. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून आजही तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. माणसे आणि गुरे अगणित मेली. बिकानेर हे राव बिकाने १४८८ मध्ये वसवलेले शहर. तिथल्या गादीवर तेव्हा महाराजा गंगासिंह होते. नुकताच कारभार हाती आलेले, वय अवघे एकोणीस. त्या दुष्काळाने त्यांच्या मनावर जो घाव घातला, त्यातून एक कालवा जन्मला. सतलजचे पाणी बिकानेर राज्यात आणणारा हा गंग कालवा १९२७ मध्ये सुरू झाला. त्याच्या काठी श्रीगंगानगर हे शहर उभे राहिले. आज तो गव्हाचा, कापसाचा, किन्नू संत्र्यांचा मुलूख आहे.

पुढे याच बिकानेरात काम केलेले अभियंता कंवर सेन यांनी १९४८ मध्ये आणखी मोठी योजना मांडली. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून थेट जैसलमेरपर्यंत पाणी न्यायचे! काम १९५८ मध्ये सुरू झाले. राजस्थान कालवा म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प पुढे इंदिरा गांधी कालवा झाला. पुरवठा कालवा धरून त्याची लांबी सुमारे ६५० किलोमीटर आहे. १९८७ च्या सुरुवातीला पाणी जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडला पोहोचले. हिमालयाचे पाणी थरमध्ये आले, हा क्षण लहान नव्हता. ज्या बायकांची अर्धी हयात घागरी वाहण्यात गेली, त्यांच्या दारात नळ आला. शहरात बसून ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी त्या घागरीचे ओझे एकदा डोक्यावर घेऊन पाहावे.

मग बिघडले काय? पाणी आले, पण पाण्याचा हिशेब गेला. हनुमानगड जिल्ह्यात कालव्याच्या पाण्याचा निचरा न झाल्याने चांगल्या जमिनी पाणथळ आणि खारपड झाल्या. कारण तिथेही खाली पाणी न झिरपू देणारा थर आहे. जोधपूरला १९९० च्या दशकाच्या अखेरीस कालव्याचे पाणी पोहोचले, तेव्हा लोकांनी विहिरी-बारवांतून पाणी काढणे सोडले. उपसा थांबला, वापरलेले पाणी मात्र मुरतच राहिले. भूजल एवढे वर आले, की जुन्या शहरातल्या तळघरांत पाणी साचू लागले आणि ते पंप लावून उपसावे लागले. ज्या शहराला पाणीटंचाईचा शाप होता, त्याची ही नवी पंचाईत.

जैसलमेरच्या किल्ल्याची टेकडी ठिसूळ माती-दगडाची. जुन्या माणसांनी पावसाचे पाणी टेकडीत मुरू न देता झटकन बाहेर जाईल अशा नाल्या बांधल्या होत्या. घरटी काही घागरी पाणी, हा त्या रचनेचा हिशेब. घरोघर नळ आले, पाहुण्यांसाठी हॉटेले आणि न्हाणीघरे आली, गटारे गळू लागली. पाणी पायात उतरले आणि १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत किल्ल्याचे नाव गेले. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यात जैसलमेर आहे. तो सन्मान खराच, पण ओल काही त्याने सुकत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांतच वर्षाच्या सरासरीच्या दुपटीएवढा पाऊस कोसळला. शंभराहून अधिक माणसे दगावली. कवास गावात तर पाणी महिनोन्महिने हटेना, कारण खाली तोच जिप्समचा थर. कुईला घागरभर गोडे पाणी देणारा थर पुराचे पाणी धरून बसला. जमीन तीच होती. तिचा स्वभाव ओळखून वागणे तेवढे मागे पडले होते.

त्या ओसरीवरून उठताना मी मालकांना विचारले, ‘‘नळ नको होता का?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘नळ हवाच होता. पण नळ आला त्या दिवशी आम्ही गडीसरकडे जाणे सोडले. ते सोडायला नको होते.’’

हे वाक्य केवळ वाळवंटातल्या शहरांना लागू आहे असे मला वाटत नाही. आपल्या गावात नळ आला तेव्हा आपण कोणती विहीर बुजवली, कोणत्या बारवेत कचरा टाकायला लागलो, एवढे तरी आज प्रत्येकाने आठवून पाहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)