टायबरच्या खोऱ्यातील मराठी वीर



महोत्सव म्हणजे परमेश्वराच्या उपकारांचे आणि पूर्वजांच्या श्रमांचे स्मरण होय. परंतु स्मरणाचे हे कर्तव्य आपल्या दफनभूमीच्या कुंपणापाशी संपत नाही. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, अशा एका तरुणाचा वृत्तान्त येथे सादर करीत आहे.

देवनारजवळून जाणारा शीव-पनवेल मार्ग पुढे गोव्याच्या रस्त्यास मिळतो, आणि त्या रस्त्यावर माणगाव लागते. त्याच तालुक्यातील पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे ह्यांचा जन्म झाला. पुढे ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाले. ज्या महायुद्धात ते लढले, त्यात हिंदुस्थान सामील असल्याचे व्हाइसरॉयने १९३९ साली हिंदी पुढाऱ्यांचा सल्ला न घेताच जाहीर केले होते.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. नाईक घाडगे ह्यांवाचून तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. सोबतीस कोणी उरले नाही, हे जाणूनही ते एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसे बदलण्यास अवधी नसल्याने बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांशी झुंजून त्यांस ठार केले. इतक्यात दबा धरलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस.

त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो २ नोव्हेंबर १९४४ रोजी, म्हणजे ख्रिस्तसभा सर्व मृतांसाठी प्रार्थना करते त्याच दिवशी. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. वरच्या डोंगरावर संत बेनेडिक्ट ह्यांचा मठ आहे. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीस तो बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला होता. पुढे तो पुन्हा उभारला गेला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी त्याचे पवित्रीकरण केले. दगडी भिंती पुन्हा उभ्या राहतात. पळसगावचा पुत्र मात्र परतला नाही. इटलीच्या भूमीवर ५,७८२ हिंदी सैनिकांनी प्राण वेचले.

२०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील मोंतोने गावाने घाडगे ह्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन तीवर आहे. स्वर्गीय पिता चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच सूर्य उगववितो, ही प्रभूची डोंगरावरील शिकवण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

घाडगे ह्यांच्या हातून पडलेले सैनिकही कोणा मातेचेच पुत्र होते. वीराचा गौरव करताना युद्धाचा गौरव करू नये तो ह्याचसाठी. ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरास ठाऊक आहे, अशांसाठीही ख्रिस्तसभा पवित्र मिस्सात प्रार्थना करते. तेव्हा येत्या २ नोव्हेंबरला आपल्या आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावाल, तेव्हा एक ज्योत नाईक यशवंत घाडगे ह्यांच्यासाठी लावा, आणि दुसरी त्यांच्या समोर पडलेल्या अनामिकांसाठी. प्रभू त्या सर्वांस चिरशांती देवो.