हिवाळ्यातला हुक्का आणि विस्तव फुंकणारे हात

चैत्र संपत आलेला, उन्हाने जीव कासावीस झालेला, आणि अशा वेळी आम्ही हिवाळ्यातल्या हुक्क्याविषयी बोलणार, याचे श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. परंतु आपल्या नागपूरला लोक उन्हाळ्यासाठीच ओळखतात आणि इथली थंडी विसरतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत जुन्या पिढीने आपली गुडगुडी छपरीतून उचलली आणि घरात नेली. गोष्ट एवढीशी, पण तिच्यात घराचा, श्रमाचा आणि आरोग्याचा इतिहास गुंतलेला आहे. आम्ही शाळा लवकर सोडली. जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा हे पंडिताचे विवेचन नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली. ती उत्तरेकडून दक्षिणेत आली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मोगल दरबारात ती दक्षिणेतून गेली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास ती रत्नजडित नळीसह बादशहापुढे नेऊन ठेवली. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, तरी चटक पसरलीच. पुढे १६१७ साली जहांगिराने बंदी घातली. तिचाही उपयोग झाला नाही.

श्रीमंतांच्या हुक्क्याचे बूड बिदरला घडत असे. जस्त व तांबे यांच्या काळ्या केलेल्या धातूवर चांदीची नक्षी असलेले हे काम आजही संग्रहालयांत पाहावयास मिळते. गरिबाला नारळाची करवंटी पुरे. हुक्क्याला काही अरबी मुलखांत ‘नारगिला’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी आपला नारिकेलच आहे.

तथापि बूड चांदीचे असो की करवंटीचे, हुक्का आपण होऊन पेटत नाही. चिलीम भरावी लागते, पाणी बदलावे लागते, आणि विस्तव सतत फुललेला ठेवावा लागतो. बड्या घरी यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकरच असे. १७७९ साली कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जने दिलेल्या मेजवानीच्या निमंत्रणात, हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर सोबत आणू नये अशी पाहुण्यांना विनंती होती. पाहुण्यांची नावे इतिहासात सापडतात. हुक्काबरदारांची सापडत नाहीत.

गरिबाच्या घरी हुक्काबरदार कोण? याचे उत्तर आम्हांला आमच्या आजोळी मिळाले. आजोबांची गुडगुडी करवंटीची होती. उन्हाळ्यात ते छपरीत बसत. धूर थंड व्हावा म्हणून नळीभोवती ओले फडके गुंडाळत. कार्तिक लागला की ते फडके सुटे, आणि बैठक आतल्या खोलीत येई. मग हिवाळ्याचे सारे साहित्य निराळे. पाण्याचा काटा मोडावा म्हणून ते जरासे कोमट करून भरायचे. निखारा लवकर राखेने झाकतो म्हणून बाभळीचा कोळसा घ्यायचा. चिलमीत तंबाखू आणि निखारा यांच्यामध्ये मडक्याची लहानशी खापरी ठेवायची, म्हणजे तंबाखू करपत नाही. गुळात मळलेल्या तंबाखूला गुडाखू म्हणत. थंडीत तो घट्ट होई, म्हणून शेगडीजवळ ठेवून मऊ करावा लागे. छत्तीसगडात लोक आज गुडाखू दातांना घासतात, पण मूळचा तो हुक्क्याचाच.

ही सगळी उठाठेव आजीकडे होती. फुंकणी तिच्या हातात, चिमटा तिच्या हातात, आणि नळी आजोबांच्या तोंडात. दार किलकिले राहिले की आजोबा म्हणत, “कवाड लाव वो, हिव लागून रायलं.” आजी कवाड लावी. दर हिवाळ्यात तिचे डोके दुखे, तिला मळमळे. आम्ही त्याला थंडीचे दुखणे म्हणत असू. ती कपाळाला सुंठ उगाळून लावी, आणि पुन्हा विस्तव फुंकायला बसे.

पुष्कळ वर्षांनी वाचनालयात एका पुस्तकात आम्ही वाचले की, कोंदट जागी कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. प्रमाण वाढले तर माणूस उठतच नाही. पाण्यातून हा वायू गाळला जात नाही. पाण्याने धूर गार होतो, म्हणून तो अधिक खोल ओढला जातो, इतकेच. हुक्क्याचा धूर पाण्यामुळे निर्धोक होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली बजावले. ते पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. आजीच्या दुखण्याचे हेच कारण होते, असे वैद्याच्या अधिकाराने आम्ही सांगू शकत नाही. पण कवाड लावायला उठणाऱ्या त्या बाईला कोणी एकदाही विचारले नाही, हे मात्र आम्ही साक्षीने सांगू शकतो.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. भोंग्यावर धावणाऱ्या माणसाला हुक्क्याची बैठक परवडत नाही. त्याला खिशात मावणारी, काडीसरशी पेटणारी बिडी हवी होती, आणि तेंदूची पाने तर भंडारा-गोंदियाच्या रानात अमाप. गुडगुडी मागे पडली. पण धूर घराबाहेर गेला, तसे त्याचे काम घरात आले. बायका दारे लावून सुपात तंबाखू घेऊन बसल्या. पाने भिजवून कापायची, म्हणजे पौषातही हात ओले. आणि कोंडलेल्या खोलीत तंबाखूची धूळ, शेजारी पाळण्यात मूल. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे. या मजुरांना प्रथम संघटित करणाऱ्यांत कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) होते. १९३७ साली ते प्रांतिक विधानसभेवर निवडून गेले. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणारीलाही कामगार मानले. ते कलम कार्डावर उतरवून घेण्यासाठी आमच्यासारख्यांचे अर्धे आयुष्य खर्ची पडले आहे.

आता हुक्का पुन्हा आला आहे, फळांच्या वासाचा आणि रंगीत काचेचा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे दगावली. हुक्क्याच्या निखाऱ्यातून ती पेटली, असा अग्निशमन दलाचा निष्कर्ष होता. २०१८ साली राज्याने हुक्का पार्लरांवर बंदीचा कायदा केला. तरीही काही हौशी मंडळी घरीच मांडामांड करतात, आणि थंडीत खिडक्या लावून घेतात. विस्तव आत, कवाड बंद. आजोबांच्या खोलीत याहून वेगळे काय होते?

आमचे म्हणणे सरळ आहे. हुक्का न पेटवणे उत्तम. ज्या घरी शेगडी पेटतेच, तिथे निजण्यापूर्वी ती बाहेर काढावी आणि एक खिडकी उघडी ठेवावी. थोडे हिव लागले तरी चालेल. आणि आपल्या घरचा इतिहास लिहायला कोणी बसलेच, तर नळी कोणाच्या तोंडात होती हे लिहिताना फुंकणी कोणाच्या हातात होती, हेही लिहावे. आमच्या आजीपुरते ते काम आम्ही आज केले. बाकीचे आपापल्या घरी आपण करावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.