जिताड्याचा घास आणि आईचा कान

१९९४ च्या मे महिन्यातली गोष्ट. अलिबागजवळ खारेपाटात मामाचं घर, घरामागे तलाव आणि तलावात जिताडे. खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, तिकडे घराजवळच्या तलावात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. जावई आला, पाहुणा आला की एखादा काढायचा. आम्ही सगळे संध्याकाळी पडवीत बसलो होतो. मागून एकदम "भॉक्" असा आवाज आला. जिताड्याने पृष्ठभागाजवळचं काहीतरी गिळलं होतं. आम्ही सगळे वळलो, "केवढा असेल रे!" म्हणून पोरं धावली. आई मात्र तांदूळ निवडत राहिली.

मामा म्हणाला, "ताई, ऐकलंस का?" तेही तिला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. आई तेव्हा ३८ वर्षांची होती.

पुढे तपासण्या झाल्या. मधल्या कानातलं एक हाड जखडलं होतं. शाळेत आपण घोकलेली ती त्रिकूटवाली हाडं आठवतात ना, हातोडी, ऐरण आणि रिकीब? त्यातली रिकीब. शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. ते हलेना, म्हणून आवाज आत पोचेना. गंमत म्हणजे (तेव्हा कसली गंमत, पण आता म्हणते) तो "भॉक्" करणारं हाड आणि आईच्या कानात अडकलेलं हाड ही एकाच वंशातली आहेत. हे मला बऱ्याच वर्षांनी, वाचता वाचता कळलं. तेव्हापासून लिहायचं होतं, राहून जात होतं.

आधी त्या आवाजाबद्दल. मासा चावून खातो असं आपल्याला वाटतं. काही मासे चावतात, पण बहुतेक मासे भक्ष्य ओढून घेतात. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. तुम्ही तोंड उघडं ठेवून कोळंबीवर धावलात तर तुमच्या पुढचं पाणीच तिला बाजूला ढकलेल. मग मासा काय करतो? डोकं वर उचलतो, तोंडाचा तळ खाली पाडतो आणि गाल बाहेर फाकवतो. तोंडाची पोकळी एका क्षणात कितीतरी पट मोठी होते, ती भरायला पाणी आत घुसतं आणि त्याच्याबरोबर कोळंबीही. नको असलेलं पाणी कल्ल्यांतून बाहेर. १९७९ साली एका जातीच्या दबा धरून बसणाऱ्या माशाचं अतिवेगवान चित्रण झालं, त्यात हे काम ६ मिलिसेकंदांच्या आसपास उरकलेलं दिसलं. आपल्या पापणीची उघडझाप याच्यापुढे आरामात चाललेली.

एवढा जोर येतो कुठून? डोक्यातले स्नायू तर किरकोळ. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी बास नावाच्या माशाच्या हाडांची हालचाल क्ष-किरणांनी टिपली. ओढण्याच्या ताकदीतला ९५ टक्क्यांहून अधिक भाग पोहण्याच्या स्नायूंतून येतो असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण ज्या तुकड्या तळून खातो ना, त्याच! मासा घास घेतो तो सगळ्या अंगाने.

आता ते हाड. गाल बाहेर फाकवण्याचं काम ज्याच्यावर असतं त्याचं नाव हायोमँडिब्युला. फार अवघड नाव आहे, आपण त्याला टेकूचं हाड म्हणू. त्याचं वरचं टोक कवटीला बिजागरीने जोडलेलं, खालचा भाग जबड्याला धरून ठेवणारा, मागे कल्ल्याचं झाकण टेकलेलं. ते बाहेर झुललं की गाल फाकतात. आणि वरचं टोक नेमकं कवटीच्या कुठल्या भागावर टेकतं? आतला कान ज्या भागात असतो त्यावर. माशाला त्याचं काही नाही, त्याला जबडा टांगायला जागा हवी होती.

पुढे काही मासे उथळ पाण्यात आणि त्यांचे वंशज जमिनीवर आले. हवेत ओढून खाण्याचा उपयोग शून्य. कल्ल्याचं झाकण गेलं, वरचा जबडा कवटीला पक्का जोडला गेला, टेकूचं हाड जवळजवळ बेकार झालं. २००६ मध्ये जाहीर झालेला टिक्टालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा. २००८ मध्ये त्याच्या डोक्याचा अभ्यास छापून आला त्यात हे हाड लहान झालेलं दिसतं. ग्रीनलंडमधल्या अकॅंथोस्टेगा या चार पायांच्या प्राण्यात तर त्याची रिकीबच झाली आहे. जेनिफर क्लॅक यांनी १९८९ मध्ये ते दाखवलं. पण ती रिकीब चांगली जाडजूड, कवटीला आधार देणारी. हवेतला आवाज टिपणारा पडदा कोट्यवधी वर्षांनी आला, आणि बेडूक, सरडे, सस्तन प्राणी या सगळ्यांत वेगवेगळा आला.

ही झाली रिकीब. पण मला जास्त आवडते ती उरलेल्या दोघींची कथा, कारण ती जीवाश्मांनी नव्हे तर डुकरांच्या गर्भांनी सुरू झाली. १८२५ मध्ये मार्टिन राथके यांना डुकराच्या गर्भाच्या मानेत माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी दिसल्या. (म्हणून गर्भ आधी मासा असतो वगैरे काही नाही. त्या गैरसमजाने पुढे बराच गोंधळ घातला, असो.) मग १८३७ मध्ये कार्ल राइखर्ट यांनी डुकरांचेच गर्भ तपासून सांगितलं की हातोडी आणि ऐरण खालच्या जबड्याच्या कूर्चेशी जोडलेल्या अवस्थेत तयार होतात. माशाच्या जबड्याची बिजागरी ज्या दोन हाडांची असते, तीच ही दोन. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा २२ वर्षं होती! राइखर्टनी नुसतं बारकाईने पाहिलं होतं, एवढंच.

यावरचा आक्षेप मात्र बिनतोड वाटावा असा होता. जबड्याची बिजागरी काढून कानात नेली, तर मधल्या काळात त्या प्राण्याने खायचं कशाने? जर्मनीत एर्न्स्ट गाउप यांनी १९१३ मध्ये राइखर्टच्या बाजूने मोठा ग्रंथच लिहिला, पण या प्रश्नाचं खरं उत्तर दगडातून आलं. १९५८ मध्ये क्रॉम्प्टन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका छोट्या प्राण्याचं नाव ठेवलं डायार्थ्रोग्नेथस, म्हणजे दोन सांध्यांचा जबडा. जुनी बिजागरी आणि शेजारीच नवी, दोन्ही एकाच जबड्यात! नवी पक्की झाली तेव्हा जुनी मोकळी सुटली. २००७ मध्ये चीनमधल्या यानोकोनोडॉनच्या जीवाश्मात तर कानाची हाडं कूर्चेच्या, हाडासारख्या टणक झालेल्या पट्टीने अजून जबड्याला बांधलेली सापडली. नव्या घरात राहायला गेली, पण जुन्या घराची किल्ली परत केलेली नाही.

तर माशाचा घास घेणारी ही तीन हाडं. आपण ऐकतो तेव्हा हातोडी आणि ऐरण यांच्यामध्ये जो सांधा थरथरतो, तो माशाच्या जबड्याचा सांधा. आणि जखडते ती टेकूची नात.

आईचं ऑपरेशन १९९६ मध्ये झालं. अडकलेली रिकीब काढून तिच्या जागी छोटासा कृत्रिम दांडा बसवतात. अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ मध्ये टेफ्लॉनची रिकीब बसवून या पद्धतीची सुरुवात केली. आईला त्या कानाने छान ऐकू येऊ लागलं. दुसरा कान तिने केलाच नाही. "एक पुरे. चांगल्या कानावर झोपलं की घोरणं ऐकू येत नाही." (बाबा हे वाचतात, म्हणून पुढचं लिहीत नाही.)

गेल्या वर्षी गणपतीनंतर मामाकडून जिताडा आला, चारेक किलोचा. डोक्याचं कालवण नेहमीप्रमाणे आईच्या वाटणीचं. या वेळी मी तिच्या ताटाशी बसले आणि डोळ्याच्या मागच्या भागातून ते हाड शोधून काढलं. चपटं, अंगठ्याएवढं, वर बिजागरीची गोल टोकं. "हे बघ, तुझ्या कानातून काढलं त्याचं हे मूळ." आईने ते चोखून स्वच्छ केलं, उजेडात धरून उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं धडधाकट होतं, तर बारीक कशाला केलंन्?"