मलिद्याचा मानकरी

अलिबागजवळ खंडाळे नावाचं गाव आहे. लोणावळ्याशेजारचं खंडाळा ते निराळं. इथल्या एका खडकावर खुणा आहेत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात, या टापा संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या घोड्यांच्या, या चाकोऱ्या त्याच्या रथाच्या. तो इथूनच स्वर्गात गेला.

बायबलात तो गेला यार्देन नदीपलीकडून. आणि नीट वाचलं तर रथात बसून गेलाच नाही. अग्निरथ तो आणि त्याचा शिष्य यांच्या मध्ये आला, त्यांची ताटातूट झाली आणि एलियाहू वावटळीतून वर गेला. चित्रकारांना मात्र वावटळीत माणूस रंगवणं अवघड; त्यांनी त्याला रथात बसवला. बेने इस्रायलींच्या भिंतींवरच्या तसबिरीतही तो रथातच असतो. खडक चित्रकारांच्या बाजूचा.

स्वभावाचंही तसंच. बआल देवाचे 450 संदेष्टे कीशोन ओढ्याकाठी मारवणारा जहाल एलियाहू ग्रंथात आहे. सारफथच्या विधवेचं पीठ आणि तेल दुष्काळात सरू न देणाराही तोच. कोकणानं दुसरा उचलला. घाण्यावर तेल काढणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना, म्हणजे याच बेने इस्रायलींना, न आटणाऱ्या तेलाचा देवमाणूस जवळचा वाटला असेल, हा आपला माझा तर्क.

त्याचा मान म्हणजे मलिदा. शब्द फारसी, अर्थ मळलेलं, चुरलेलं. दर्ग्यात पोळ्या चुरून गोड मलिदा करतात; बेने इस्रायलींच्या ताटात पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची आणि सोबत फळं. लग्न ठरलं, नवं घर झालं, नवस फेडायचा आहे, की हे ताट मांडून हिब्रू प्रार्थनेत एलियाहूचं नाव घ्यायचं. हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या 15 तारखेला तर त्याचा उरूसच. उरूस एरवी पीराच्या पुण्यतिथीला भरतो. हा मात्र कधी मेलाच नाही. ना कबर, ना पुण्यतिथी. म्हणूनच बहुधा त्याला कोकणात यायला कुणाची हरकत नव्हती.

बाकी मराठीत 'मलिदा खाणं' म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. बेने इस्रायली घरात ते अजून सरळ खाणंच आहे. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तिथेही मलिद्यात पोहेच पडतात.