वाऱ्याचा हातोडा

सुताराच्या कामावरून जाणाऱ्या माणसाला नुसत्या हातोड्याच्या आवाजावरून कामाची स्थिति ओळखतां येते. पहिले दोन ठोके हलके असतात. खिळा लाकडांत उभा राहिला कीं डावा हात बाजूस होतो आणि मग जोराचे तीन-चार घाव पडतात. ह्या साध्या क्रमांत मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. खिळा धरणारा हात जवळ असतो तोंवर घाव हलका असतो, आणि घाव जोराचा होतो तेव्हां हात दूर गेलेला असतो. हा नियम कोणी लिहून दिलेला नाहीं. अंगठा दोन-चार वेळां ठेचला म्हणजे तो आपोआप अंगवळणीं पडतो. विसाव्या शतकांत हातोड्याची जागा कोंडलेल्या हवेनें घेतली, तेव्हां हा जुना क्रम मोडला. तो पुन्हां कसा जुळवावा लागला, हाच खिळे ठोकणाऱ्या बंदुकीच्या इतिहासांतील खरा बोधप्रद भाग होय.

एके काळीं खिळा ही कष्टानें मिळणारी वस्तु होती. लोखंडाची सळई तापवावी, ती ठोकून निमुळती करावी, तोडावी आणि मग तिला डोकें काढावें, इतके सोपस्कार प्रत्येक खिळ्याच्या वांट्यास येत. १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ ह्या ग्रंथांत ॲडम स्मिथनें ह्याच कामाचें उदाहरण घेतलें आहे. ज्याला खिळ्यांचा सराव नाहीं असा लोहार दिवसास जेमतेम २०० ते ३०० खिळे करी. सराव असलेला ८०० ते १,००० करी. आणि ज्यांनीं दुसरा धंदा कधीं केलाच नाहीं, अशीं विशीच्या आंतील मुलें २,३०० हून अधिक खिळे करीत. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडाच्या पट्टीतून खिळे कापणारीं यंत्रें आलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तारेचे खिळे आले. खिळा स्वस्त झाला. अमेरिकेंत १८३० नंतरच्या दशकांत शिकागोच्या बाजूस जाड तुळया व खांचेंत बसविलेले सांधे टाकून, पातळ लांकडी उभ्यांचा सांगाडा केवळ खिळ्यांनीं जोडण्याची पद्धति रूढ होऊं लागली. घर उभें राहिलें तें खिळ्यांच्या भरंवशावर. आणि त्यामुळें अडचणीची जागा बदलली. खिळे करणें सोपें झालें, पण ते ठोकणारा हात पूर्वींचाच राहिला.

ह्या हाताच्या मदतीस वारा आला. वारा कोंडून त्याच्याकडून चाकरी करून घेणें आपल्या लोहाराच्या भात्यालाहि ठाऊक होतें; परंतु भात्याचा वारा विस्तव फुलवितो, घाव घालीत नाहीं. तें काम प्रथम मोठ्या प्रमाणावर झालें तें आल्प्स पर्वताच्या पोटांत. फ्रान्स व इटली ह्यांना जोडणाऱ्या माँ सेनीच्या बोगद्याचें काम १८५७ सालीं सुरू झालें, आणि १८६१ पासून जर्मेन सोमेयेर ह्या अभियंत्याचीं दाबलेल्या हवेवर चालणारीं छिद्रयंत्रें खडकाला भिडलीं. बारा किलोमीटरांहून लांब असा तो बोगदा सप्टेंबर १८७१ मध्यें खुला झाला. सोमेयेर मात्र त्याच वर्षीं जुलै महिन्यांत निवर्तला होता. ह्याच बोगद्याची हकीकत वाचून जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्याला नळींतून हवा नेऊन आगगाडीचे ब्रेक दाबण्याची युक्ति सुचली, आणि १८६९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. ज्या शक्तीनें डोंगर फोडला, तिनेंच धांवती गाडीहि थांबविली.

हीच शक्ति खिळ्यावर आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. हॉवर्ड ह्यूज ह्याच्या ‘एच-४ हर्क्युलीस’ ह्या प्रचंड लांकडी विमानाच्या कामीं मॉरिस पायनूस ह्या स्थापत्य-अभियंत्यानें खिळे ठोकण्याची बंदूक तयार केली, असें सांगितलें जातें. त्या विमानाचे लांकडी भाग सरसावर चिकटवीत, सरस वाळेपर्यंत खिळ्यांनीं धरून ठेवीत आणि मग खिळे उपटून काढीत. २ नोव्हेंबर १९४७ रोजीं तें विमान एकदांच उडालें. परंतु १९५० सालीं हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक बाजारांत आली. जमिनीच्या तळफळ्या ठोकणारा कारागीर आतां उभ्यानें मिनिटास चाळीस ते साठ खिळे ठोकूं लागला.

ह्या यंत्राची रचना अवघड नाहीं. कॉम्प्रेसरमध्यें दाबलेली हवा रबरी नळींतून बंदुकींत येते. चाप ओढला कीं झडप उघडते, हवा दट्ट्यावर झेपावते, दट्ट्याला जोडलेली पात एका खिळ्यावर आदळते आणि तो खिळा क्षणार्धांत लाकडांत शिरतो. हातोड्यांत घाव घालण्याचा संकल्प आणि घावाची शक्ति एकाच मनगटांत वसतात. बंदुकींत शक्ति बाहेरून येते आणि माणसाकडे उरतें तें केवळ परवानगी देण्याचें काम. म्हणूनच ती परवानगी कशी द्यावयाची, हा प्रश्न जिवाचा होऊन बसतो.

बंदुकीच्या तोंडाशीं एक सरकती पट्टी असते. ती लाकडावर दाबली गेल्याखेरीज खिळा सुटत नाहीं. परंतु चाप आणि पट्टी ह्यांचा संबंध दोन तऱ्हांनीं जोडतां येतो. एका तऱ्हेंत कोणतेंहि आधीं दाबलें तरी चालतें. चाप ओढूनच ठेवावा आणि बंदूक लाकडावर आपटीत जावी, प्रत्येक आपटीला एक खिळा. दुसऱ्या तऱ्हेंत आधीं पट्टी टेकवावी, मगच चाप ओढावा, आणि पुढच्या खिळ्यापूर्वीं दोन्ही सोडावीं. पहिली तऱ्हा वेगाची. पण खिळा सुटतांच बंदूक मागें उसळते, आणि चापावर बोट तसेंच राहिलें तर उसळून परत टेकतांना दुसरा, न मागितलेला खिळा सुटतो. चाप दाबूनच चालणाऱ्या कारागिराची बंदूक स्वतःच्या मांडीस किंवा सोबत्याच्या पाठीस लागली, तर यंत्राला लांकूड कोणतें आणि माणूस कोणता हें समजत नाहीं.

ह्या अज्ञानाची किंमत मोजली गेली आहे. २००१ ते २००५ ह्या काळांत अमेरिकेंत दरवर्षीं सुमारें ३७,००० माणसें ह्या बंदुकीच्या जखमा घेऊन इस्पितळांच्या तांतडीच्या विभागांत आलीं. घरबांधणीच्या सुतारकामांतील शिकाऊ उमेदवारांपैकीं पांचांत दोघे चार वर्षांच्या आंत जखमी झाल्याचें दिसून आलें. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या व बोटांच्या होत्या. आपटीच्या चापानें इजा होण्याचा धोका क्रमाच्या चापापेक्षां दुप्पट आढळला.

मग हा धोका कशासाठीं पत्करावयाचा? वेगासाठीं, हें नेहमींचें उत्तर. तें एका प्रयोगांत पारखलें गेलें. दहा अनुभवी सुतारांनीं आठ फूट बाय दहा फुटांच्या दोन-दोन सारख्याच खोल्या उभारल्या, एक क्रमाच्या चापानें, एक आपटीच्या. आपटीच्या चापानें खिळे ठोकण्याचा वेळ सरासरी दहा टक्के वांचला. परंतु मापणें, कापणें धरून एकूण कामाच्या वेळांत ही बचत एक टक्काहि भरली नाहीं. बंदुकीपेक्षां ती चालविणाऱ्या हातांतील फरक अधिक ठरला. स्मिथच्या काळीं खिळे करण्याच्या वेगानें दसपट लाभ झाला होता. ठोकण्याच्या घाईचा लाभ शेंकड्यास एक देखील नव्हता.

२०११ सालीं अमेरिकी सरकारच्या श्रमसुरक्षा व संशोधन खात्यांनीं ह्या अनुभवाचें सार काढून मार्गदर्शिका काढली. पूर्ण क्रमाचा चाप वापरावा. कामगाराला आधीं शिक्षण द्यावें. डोळ्यांवर चष्मा व डोक्यावर टोप असावा. मोकळा हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर ठेवावा. अडकलेला खिळा काढण्यापूर्वीं हवेची नळी तोडावी. पट्टीची स्प्रिंग काढूं नये, चाप बांधून ठेवूं नये. थोडक्यांत हुकलेला अपघातहि लपवूं नये. अडचणीच्या जागीं बंदूक नीट धरतां येत नसेल तर सरळ हातोडा हातीं घ्यावा, हाहि सल्ला तींत आहे. शरीरांत शिरलेला खिळा जागच्या जागीं ओढून न काढतां वैद्याकडे जावें, कारण त्याला चिकटलेले तारेचे कांटे बाहेर येतांना दुसरी जखम करतात.

ह्या सर्व नियमांचा गाभा एकच आहे: आधीं जागा, मग आज्ञा, आणि एका आज्ञेला एकच खिळा. जुना सुतार दोन हलके ठोके मारून हात बाजूस घेत असे, तेव्हां तो हाच नियम पाळीत होता. यंत्रानें घावाचे श्रम हिरावून घेतले तें उत्तमच झालें. परंतु घावापूर्वींचा तो क्षणभराचा विचार त्यानें हिरावून घेतला, तेव्हां तो चापाच्या रचनेंत परत बसवावा लागला. मिनिटास साठ खिळे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातांचीं दहाहि बोटें संध्याकाळीं शाबूत राहतात, तीं त्या एका क्षणाच्या बळावर.