मीटरच्या पलीकडचा पाइप कोणाचा?

आजचा विषय जमिनीखालचा आहे: पुरलेला गॅसचा पाइप. तो गळला तर जबाबदार कोण?

१८ मार्च १९३७. अमेरिकेत टेक्सासमधलं न्यू लंडन गाव, तेलाच्या पैशावर उभी राहिलेली मोठी शाळा. महिन्याला साधारण २५० ते ३०० डॉलर वाचावेत म्हणून शाळेच्या मंडळाने गॅसचा करार मोडला आणि शेजारच्या तेल कंपनीच्या लाइनला जोडणी करून घेतली. त्यातला गॅस उरलासुरला, एरवी जाळूनच टाकायचे. त्या भागात बरेच जण असं करायचे. गॅसला वास नव्हता. गळून तो इमारतीखालच्या पोकळीत साठला. दुपारी तीननंतर वर्कशॉपमध्ये विजेचं यंत्र सुरू केलं, ठिणगी पडली आणि शाळा कोसळली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं.

टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं. पण मालकाच्या हद्दीतला पाइप सांभाळायचा कोणी, हे तसंच राहिलं.

१९६८ मध्ये गॅस पाइपलाइनच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला. त्यात कंपनीची जबाबदारी साधारण मीटरपाशी संपते. मीटर रस्त्याकडेला आणि घर आत असेल, तर मधला पुरलेला पाइप बहुतेक वेळा मालकाचा. ऑगस्ट १९९५ चा नियम याच तुकड्यासाठी आहे. कंपनी तो सांभाळत नसेल, तर तिने ग्राहकाला लेखी कळवायचं: गळती तपासत राहा, धातूचा पाइप असेल तर गंज बघा, धोका दिसला की दुरुस्त करा, जवळ खणायचं तर आधी पाइप शोधा आणि हातानेच खणा. नवीन ग्राहकाला हे ९० दिवसांत कळवायचं, तेही एकदाच.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. सूचना पाठवली, काम संपलं! या नियमात सक्ती आहे ती कळवण्याची. पाइप तपासणं मालकाच्या शहाणपणावर सोडलंय. अपघात झाला तर भरपाईचा दावा मात्र त्याच्यावरही येऊ शकतो.

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या श्रोत्यांनो, खणण्याआधी ८११ ला फोन कराच. पण ती मंडळी सहसा कंपनीच्याच लाइनवर खुणा करतात. अंगणातल्या गॅस ग्रिलकडे किंवा गॅरेजकडे जाणारा तुमचा पाइप शोधायला वेगळा माणूस बोलवावा लागतो. आधीच्या मालकाला आलेलं ते पत्र तुमच्या हाती पडलेलं नसेल, म्हणून गॅस कंपनीलाच विचारा: तुमची हद्द नक्की कुठे संपते?